तगरची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत महाराष्ट्रांतील कोणत्या दोन गांवांचीं नांवें मिसर देशांतील व्यापाऱ्यांच्या तोंडीं होतीं, असा प्रश्न कोणी केला तर त्याचें उत्तर निश्चितपणें देतां येतें. एक पैठण आणि दुसरें तगर. पैठण कोठें आहे हें सांगावयास इतिहासकार लागत नाहीं. नाथांचें पैठण अजून गोदावरीच्या कांठीं नांदतें आहे. तगर मात्र केवळ नांव मागें ठेवून नाहींसें झालें. तें कोठें वसलें होतें याचा निर्णय होण्यास विद्वानांचीं शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. आणि त्या वादांत बीड जिल्हा दोन वेळां पुढें येतो, एकदां धारूरच्या निमित्तानें आणि एकदां वाटेच्या निमित्तानें.

ज्या ग्रंथांत हीं दोन नांवें आलीं आहेत त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें केलेला जलप्रवास. मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा ग्रंथ लिहिला. त्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं. परंतु तो पंडित नव्हता, व्यवहारी मनुष्य होता, हें त्याच्या प्रत्येक ओळीवरून दिसतें. कोणत्या बंदरांत काय खपतें, काय मिळतें, खडक कोठें आहेत, राजा कोण आहे, एवढ्याच गोष्टींकडे त्याचें लक्ष आहे. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे.

या व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठें बंदर म्हणजे बारिगाझा, अर्थात् भरुकच्छ, आजचें भडोच. हें बंदर उघड्या समुद्रावर नव्हे, नर्मदेच्या मुखाशीं, नदीच्या कांठीं आहे. नदीवरील बंदराला वादळाचें भय कमी. पण तेथवर पोहोंचणें कठीण. खंबायतच्या आखातांत भरती इतक्या वेगानें चढते आणि ओहोटीचें पाणी इतक्या जोरानें उतरतें कीं, अनोळखी तांडेलाचें तारूं वाळूवर रुतून उलथावें. यासाठीं राजाच्या चाकरींतील कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी गलबतांना भरतीच्या वेळा साधून आंत आणीत, असें पेरिप्लसकारानें सविस्तर सांगितलें आहे. एवढी यातायात ज्या बंदरासाठीं करावयाची त्याचें रक्षणहि तसेंच असलें पाहिजे. भडोच येथें इ. स. १९५९-६० सालीं झालेल्या उत्खननांत प्राचीन मातीचा तट आणि त्याच्या बाहेरचा खोल खंदक आढळून आला. पुढें या तटाला विटांची जोडहि मिळाली होती.

या तटबंदीच्या आंत काय येत असे? इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळीं, कांच, सुरमा, रुंद कमरपट्टे आणि सोन्याचांदीचीं नाणीं. येथील नाण्यांशीं त्यांचा बदला केला असतां नफा होई, हें सांगावयास आमचा व्यापारी विसरत नाहीं. राजासाठीं निराळा नजराणा असे : रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें, सुंदर दासी, उंची मद्य. आणि जात काय असे? जटामांसी, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, पिंपळी, रेशीम, सूत आणि सर्व प्रकारचें कापड. यांतील पुष्कळसा माल भडोचच्या पाठीमागील दूरच्या मुलखांतून येत असे, आणि तो मुलूख म्हणजे दक्षिणापथ.

दक्षिणापथांतील पेठांपैकीं दोन विशेष महत्त्वाच्या आहेत, असें पेरिप्लसकार म्हणतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगर हें फार मोठें नगर आहे. पैठणहून अकीक मोठ्या प्रमाणांत येतो. तगरहून जाडेंभरडें कापड उदंड, निरनिराळ्या जातींचीं तलम वस्त्रें आणि समुद्रकांठच्या प्रदेशांतून तेथें गोळा झालेला इतर माल येतो. हा सर्व माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून भडोचला उतरविला जातो. पुढें इ. स. १५० च्या सुमारास टॉलेमीनें आपल्या भूगोलांत या दोन्ही नगरांचीं नांवें दिलीं असून पैठण ही पुळुमावि राजाची राजधानी असल्याचेंहि नमूद केलें आहे.

आतां प्रश्न असा कीं, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील हें ‘फार मोठें नगर’ कोणतें? अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्यानें तें देवगिरि असावें असें मत दिलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरचा पक्ष घेतला. या दोन्ही स्थळांना प्राचीन वैभव होतें यांत संशय नाहीं. परंतु देवगिरि पैठणच्या वायव्येस दोन-तीन मजलांवर आहे आणि जुन्नर तर पश्चिमेस आहे. पूर्वेकडे दहा दिवस चाललेला गाडा या दोहोंपैकीं एकाहि गांवीं पोहोंचणार नाहीं.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासांत ही अडचण ओळखली आणि पैठणच्या पलीकडे, गोदावरीच्या दक्षिणेस दृष्टि वळविली. तगर म्हणजे त्या वेळच्या निजामी राज्यांतील धारूर असावें, असें त्यांनीं सुचविलें. हें धारूर आज बीड जिल्ह्यांत आहे. बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें हें गांव ‘किल्ले धारूर’ याच नांवानें ओळखलें जातें. तेथील किल्ला इ. स. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान यानें बांधला आणि इ. स. १६३१ मध्यें तो मोगलांनीं घेतला. गंगथडींतून बालाघाटावर चढणाऱ्या वाटा ज्याला राखावयाच्या आहेत त्याला धारूर सोडून चालत नाहीं. म्हणजे भांडारकरांनीं बोट ठेवलें तें आडरानावर नव्हे, जुन्या रहदारीच्या एका नाक्यावर ठेवलें. परंतु नांवाचा मेळ बसेना. ‘तगर’ या शब्दांतील ‘त’चा ‘ध’ व्हावा आणि शेवटीं ‘ऊर’ यावा, याला प्राकृत भाषांच्या नियमांत आधार नाहीं. धारूर, लातूर यांसारख्या नांवांतील ‘ऊर’ हें द्राविडी भाषांतील ग्रामवाचक पद मानलें जातें. त्याचा ‘तगर’शीं संबंध जुळत नाहीं.

इ. स. १९०१ मध्यें डॉ. फ्लीट यांनीं या वादाचा निकाल लावला. धारूरच्या दक्षिणेस, तेरणा नदीच्या कांठीं, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत तेर नांवाचें एक गांव आहे. वारकऱ्यांना तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून परिचित होतें; इतिहासकारांना मात्र त्याची वार्ता नव्हती. तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट यांनीं प्रतिपादन केलें. प्राकृतांत दोन स्वरांमधील ‘ग’ लोपतो, त्याच्या जागीं ‘य’ येतो आणि पुढें स्वर मिळून जातात. ‘नगर’चें ‘नयर’ आणि ‘नयर’चें ‘नेर’ झालें तें याच रीतीनें. संगमनेर, पारनेर हीं नांवें सर्वांना माहीत आहेत. बीड जिल्ह्यांतच पिंपळनेर आहे, अंमळनेर आहे. ज्या वाटेनें ‘नगर’चें ‘नेर’ झालें त्याच वाटेनें ‘तगर’चें ‘तयर’ आणि ‘तेर’ झालें.

अंतराचा हिशेबहि तेरच्याच बाजूनें साक्ष देतो. भडोच ते पैठण हें सरळ रेषेंतील अंतर सुमारें ३५० किलोमीटर भरतें. त्याला वीस दिवस लागत, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटरांची मजल पडे. पैठणपासून तेर सुमारें १५० किलोमीटर आहे. दहा दिवसांत पंधरा किलोमीटरांची मजल होते. पैठणपासून धारूर मात्र सुमारें १०५ किलोमीटरच आहे. बैलांना दहाअकरा किलोमीटरांवर थांबविल्याशिवाय दहा दिवस भरत नाहींत. दिशेविषयीं मात्र पेरिप्लसकार ढिला आहे. तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडे अधिक झुकून आहे. पण भडोचहून पैठणहि आग्नेयेसच आहे आणि त्याला तो ‘दक्षिण’ म्हणतो. तो स्वतः या वाटेनें गेलेला दिसत नाहीं. भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांनीं आणि दलालांनीं सांगितलें तें त्यानें टिपलें. गाडीवानाला दिशेपेक्षां दिवस अधिक बिनचूक ठाऊक असतात.

नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी रेषा ओढली तर ती बीड शहराजवळून जाते, आणि बीड त्या रेषेच्या जवळजवळ मध्यावर येतें. पेरिप्लसमध्यें बीडचें नांव नाहीं. परंतु पेरिप्लसमधील ते ‘दहा दिवस’ बहुतांशीं आजच्या बीड जिल्ह्यांतून जाणारे आहेत. पैठण उत्तर तीरावर असल्यामुळें प्रथम गोदावरी ओलांडावयाची. मग गंगथडीच्या काळ्या, सपाट जमिनींतून चालावयाचें. नंतर बालाघाटाची चढण चढून पठारावर यावयाचें. आणि पुढें मांजरा ओलांडून तेरणेच्या खोऱ्यांत उतरावयाचें. आजचा धुळें-सोलापूर महामार्गहि शहागडजवळ गोदावरी ओलांडून गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असाच दक्षिणेस जातो. राज्यें बदलतात, पण गाड्याला जेथें चढ सोपा पडतो ती जागा सहसा बदलत नाहीं.

या वाटेवरील खरी धास्ती नदीची आणि चिखलाची होती. भर पावसाळ्यांत गोदावरी काय करूं शकते याचें उदाहरण पुढच्या इतिहासांत याच तीरावर घडलें आहे. ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवन येथें निजामाची फौज नदी उतरत असतां तिचे दोन भाग झाले. निजामअली पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर अडकला. माधवराव पेशव्यांनीं त्याला तेथेंच गांठलें आणि तो लढाईंत पडला. जी नदी सैन्याला अडविते ती कापडाच्या गाड्यांना कशी सोडील? काळ्या मातींत तर पाऊस पडल्यावर चाकें आंसापर्यंत रुततात. म्हणून तगरचा माल दसरा-दिवाळीच्या सुमारास, जमीन वाळल्यावरच निघत असला पाहिजे. मिसरची गलबतें जुलै महिन्यांत तिकडून निघून नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर इकडे येत आणि हिंवाळ्यांतील ईशान्य वाऱ्यांवर परत फिरत. तगर ते भडोच हा तीस दिवसांचा प्रवास हिशेबांत घेतला म्हणजे दिसतें कीं, तगरच्या विणकराचें वर्ष समुद्रावरील वाऱ्याशीं बांधलेलें होतें. पावसाळ्यांत माग चालावा, शरदांत गाडे जुंपावे, हिंवाळ्यांत गलबतें भरावीं, असा तो क्रम होता.

येथें एक शंका सहज येते. कोंकणचा किनारा जवळ असतां हे गाडे एवढ्या लांब भडोचला कां जात? नाणेघाट उतरला कीं कल्याण. तेथें उल्हास नदीच्या खाडींत उत्तम बंदर. याचें उत्तरहि पेरिप्लसकारानेंच दिलें आहे. कल्याण हें पूर्वीं थोरल्या सारगनाच्या, म्हणजे सातकर्णीच्या काळीं, रीतसर व्यापारी बंदर होतें. परंतु सांडनेस नांवाच्या राजाच्या हातीं तें गेल्यापासून तेथील व्यापाराला मोठा अडथळा झाला, आणि ग्रीक गलबत चुकून तेथें आलें तर पहाऱ्यांत भडोचला नेलें जाई. दक्षिणेंत सातवाहन आणि गुजराथेंत क्षहरात क्षत्रप यांच्यांत झुंज लागली होती, आणि त्या झुंजींत बंदर हें एक शस्त्र झालें होतें. कल्याण बंद केलें कीं सातवाहनांच्या मुलखांतील मालाला क्षत्रपांच्या भडोचचें दार ठोठवावें लागे आणि जकात क्षत्रपांच्या खजिन्यांत जाई. तगरच्या मागावर विणलेलें जाडेंभरडें कापड दोन राजघराण्यांच्या वैराची किंमत दर कोसाला मोजीत चाललें होतें.

हें वैर संपलें तें गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमानें. त्यानें क्षहरात वंश निर्मूळ केला, असें त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखांत म्हटलें आहे. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांनीं त्या लेखाला पुष्टि दिली. तीं नाणीं क्षहरात राजा नहपान याचीं आहेत. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. जित राजाचें नाणें वितळविण्याइतकीहि सवड न घेतां त्यावरच स्वतःची मुद्रा उठवावयाची, यांत विजयाची घाई आणि व्यापाराची निकड दोन्ही दिसतात.

तथापि, क्षत्रप म्हणजे केवळ लुटारू परकी असें समजणें न्यायाचें होणार नाहीं. नहपानाचा जांवई उषवदात याच्या नाशिकच्या लेखांत, तापी, दमण, डहाणू वगैरे ठिकाणच्या नद्यांवर त्यानें लोकांसाठीं विनामूल्य नावा ठेवल्याचा आणि भरुकच्छ, सोपारा, गोवर्धन इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख आहे. नदी उतरणें हें त्या काळच्या प्रवाशाला किती जड जात असे हें या दानावरून कळतें. त्याच्याच दुसऱ्या एका लेखांत, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणें कायम ठेव म्हणून ठेवल्याचें नमूद आहे : २००० वर दरमहा शेंकडा एक आणि १००० वर शेंकडा पाऊण व्याज. मूळ रक्कम परत मागावयाची नाहीं; व्याजांतून भिक्षूंचीं वस्त्रें चालवावयाचीं. राजाच्या जांवयानें ज्यांच्याकडे निर्धास्तपणें ठेव ठेवावी इतकी विणकरांच्या श्रेणीची पत होती. तगरच्या विणकरांचा असा लेख मिळालेला नाहीं. पण ज्या नगराचें कापड समुद्रापार जात होतें तेथील विणकर गोवर्धनच्या विणकरांहून फारसे निराळे नसावेत. पैठणच्या व्यापाऱ्यांचें वैभव पितळखोऱ्याच्या लेण्यांतील स्तंभांवर कोरलेलें आहे. तेथें पैठणच्या एका गंधी कुळाच्या दानाचा लेख आहे.

फ्लीट यांनीं नांवावरून आणि अंतरावरून जें ठरविलें त्याला पुढें तेरच्या मातीनेंच दुजोरा दिला. तेथें सातवाहनकालीन मणी, शंखाच्या वस्तू, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ति, रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि रोमन नाण्यांच्या धर्तीचीं मातीचीं पदकें सांपडलीं. यांतील पुष्कळ वस्तू तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वर्षानुवर्षें खपून जमविल्या, आणि त्यांच्या संग्रहांतूनच गांवांत शासकीय वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. त्या संग्रहांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. इटलींत पाँपेई येथें इ. स. १९३८ मध्यें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशीं तिचें निकटचें साम्य आहे, आणि जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांतहि तशीच मूर्ति मिळाली. पाँपेई हें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणजे पेरिप्लसकार भडोचच्या धक्क्यावर तगरचें नांव टिपून घेत होता त्याच सुमारास, तेरसारख्या मूर्तींच्या जातीची एक मूर्ति इटलींतील एका घरीं जाऊन पोहोंचली होती.

इतकें मोठें नगर खेडें कसें झालें? तें कोणी एका दिवसांत जाळलें, असा पुरावा नाहीं. सातवाहनांचें राज्य तिसऱ्या शतकांत मोडलें. रोमन साम्राज्यहि त्याच शतकांत दुबळें झालें. गिऱ्हाईक गेलें आणि वाटेचा रखवालदारहि गेला. दूरच्या बाजारावर जगणारी पेठ अशा वेळीं टिकत नाहीं; तिच्यांत उरतें तें आसपासच्या शेतीवर जगणारें गांव. तरीहि तगर एकाएकीं मेलें नाहीं. इ. स. ६१२ च्या, पुलकेशी दुसरा याच्या ताम्रपटांत तगरच्या रहिवाशाला दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. कोंकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे पुढें कित्येक शतकें स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले. तगरवर त्यांची सत्ता नव्हती. परंतु आपलें कूळ त्या नगरांतून आलें, हा अभिमान त्यांनीं आपल्या ताम्रपटांत जपला. तेरचें त्रिविक्रमाचें विटांचें मंदिर मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें त्याच्या गजपृष्ठाकार बांधणीवरून पुरातत्त्वज्ञ मानतात. त्याच्या आधाराचा धर्म बदलला, पण विटा जागच्या हालल्या नाहींत. आणि तेराव्या शतकांत, मराठी संतांच्या मेळ्यांत, याच गांवच्या एका कुंभाराला ‘काका’ म्हणून मान मिळाला.

मराठवाड्यांतील शेतकरी गांवाच्या जमिनीचे दोन भाग करतो : काळी आणि पांढरी. काळींत पिकें येतात, पांढरींत माणसें राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती, चुलींची राख आणि फुटकीं भांडीं यांचा थर चढून पांढरी उंच होते. ती माती पिकाला चांगली म्हणून शेतांत वाहून नेण्याची चाल जुनी आहे, आणि तिच्याबरोबर कित्येक गांवांचा इतिहासहि शेतांत पसरला गेला. तगरच्या कथेंतून घेण्यासारखा बोध येथेंच आहे. ज्या नगराचें नांव समुद्रापार पोहोंचलें होतें त्याचें ठिकाण शोधावयास एक शतक लागलें, कारण त्याच्या कागदोपत्रीं खुणा थोड्या आणि मातींतल्या खुणा दुर्लक्षित होत्या. पैठण आणि तेर या दोन टोंकांवर आतां प्रकाश पडला आहे. मधले दहा दिवस मात्र अजून बरेचसे अंधारांतच आहेत. त्या दहा दिवसांत मुक्काम पडले असतील, विहिरी खणल्या गेल्या असतील, बैल बदलले असतील; आणि त्या मुक्कामांच्या खुणा गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा यांच्या कांठच्या पांढरींतच असावयाच्या. गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं चांचपून कच्चें कोण आणि पक्कें कोण हें सांगितलें, अशी कथा तेरला घरोघर ठाऊक आहे. बीड जिल्ह्याच्या पांढरींतील खापरांचीहि तशीच नीट पारख होईल, तेव्हां तगरची वाट पुरती उजेडांत येईल.